देऊळ कोणाचें? चिंचवड ते कार्ले : एक लहानसा प्रवास

कार्तिकी एकादशी होऊन चारपांच दिवस झाले असतील. दुपारचा चहा घेऊन मी सज्जांत वर्तमानपत्र चाळीत बसलों होतों, तोंच सूनबाईनें येऊन सांगितलें, "मामंजी, गांवाकडचे कोणी तुमचे विद्यार्थी भेटावयास आले आहेत." शाळामास्तराच्या संसारांत दुसरें कांहीं सांचत नाहीं, सांचतात ते विद्यार्थीच. चाळिशी उलटलेला तो गृहस्थ मीं पाहतांच ओळखला. नगर जिल्ह्यांतल्या आमच्या खेड्यांत तो माझ्या हाताखालीं शिकला होता. आतां चाकणच्या बाजूस मोटारींचे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत पाळीवर काम करतो. नमस्कार करून त्यानें खिशांतून एक चौघडी कागद काढला व माझ्यापुढें ठेवला.

"गुरुजी, एवढें विनंतीपत्रक शुद्ध करून द्या. आमच्या मंडळीला देऊळ बांधावयाचें आहे."

वाचकांपैकीं कित्येकांस ‘देऊळ’ हा शब्द येथें चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगतों. माझ्या ह्या विद्यार्थ्याचें घराणें ख्रिस्ती आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास इ. स. १८३१ मध्यें सुरू झालें. त्या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती लोक तेव्हांपासून मराठींतच प्रार्थना करीत आले आहेत. आपल्या उपासनागृहाला ते देऊळ म्हणतात, समाजाला मंडळी म्हणतात आणि उपाध्यायाला पाळक म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं पदें त्यांच्या उपासनेंत पेटी-तबल्यावर आजही म्हटलीं जातात. शब्द आपलेच, चाली आपल्याच. मधली भिंत मात्र आपण उंच समजत आलों.

कागद मीं वाचला. शुद्धलेखनाच्या चुका फारशा नव्हत्या, आणि त्याचें थोडें श्रेय मीं मनांतल्या मनांत घेतलेंही. परंतु मजकूर वाचतां वाचतां पिंपरी-चिंचवडचा पाऊणशें वर्षांचा इतिहासच डोळ्यांपुढून सरकला. फाळणीनंतर येथें सिंधी निर्वासितांची छावणी पडली. इ. स. १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना पिंपरीस स्थापन झाला. १९६२ मध्यें राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि पवनाकांठचीं ज्वारी-बाजरीचीं शेतें एकामागून एक कारखान्यांच्या कुंपणांत गेलीं. १९७० मध्यें नगरपालिका झाली, १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. पुढें कारखान्यांची ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणला पोंचली. फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० मध्यें शाएस्तेखानाशीं झुंजविलेला संग्रामदुर्ग ज्या गांवांत आहे, त्याच्या आसमंतांत २००९ मध्यें दोन जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने उघडले. कांद्या-बटाट्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेलें चाकण मोटारींचें गांव झालें. ह्या सर्व कारखान्यांना माणसें लागलीं, आणि तीं नगर, बीड, जालना, सोलापूर अशा कोरडवाहू मुलुखांतून आलीं. माणूस पोट घेऊन येतो, तसा देवही बरोबर घेऊन येतो. कोणाचा खंडोबा आला, कोणाची तुळजाभवानी आली. माझ्या विद्यार्थ्याबरोबर त्याची उपासना आली.

ती उपासना आज चाकण-तळेगांव रस्त्यावरच्या एका दुकानाच्या माडीवर भाड्याच्या जागेंत चालते. साठएक कुटुंबें आहेत. आठवड्याचे इतर दिवस तेथें शिकवणीचे वर्ग भरतात. रविवारीं सकाळीं बाकें हलवून, सतरंज्या पसरून ही मंडळी जागेचें देऊळ करते आणि दुपारीं पुन्हा बाकें जागच्या जागीं लावून देते. मालकानें आतां जागा सोडावयास सांगितलें आहे. म्हणून मंडळीनें गेल्या सहा वर्षांत सांचविलेल्या पैशांतून तीन गुंठे जमीन घेतली. "जमिनींतच सगळे संपले, गुरुजी," तो म्हणाला. "बिगरशेतीचा दाखला, महानगर प्राधिकरणाचा नकाशा-मंजुरीचा खर्च, हें सगळें वर. आतां जागा आहे, नकाशा आहे, आणि पेटींत खडखडाट आहे."

पैसे जमतात कसे, तें मीं त्यास विचारलें. कारण हिशेब हा माझा आवडता विषय. कोणी मिळकतीचा दशांश देतो. दर रविवारीं दानार्पणाची थैली फिरते. सुगीनंतर उपकारस्तुतीची उपासना होते, तीस लोक धान्य, भाजी, अंडीं, कोंबडी, जें असेल तें घेऊन येतात. उपासना संपली कीं अंगणांत त्याचा लिलाव होतो, आणि दोन रुपयांची भोपळ्याची फोड शंभराला जाते! घेणारा पुष्कळदां ती पुन्हा लिलावास ठेवतो. बायका रोजच्या स्वयंपाकाच्या वेळीं तांदुळाची एक मूठ वेगळी काढून ठेवतात. कंत्राटी कामगाराचें काम सुटलें कीं त्याचें देणें दोन-चार महिने थांबतें, पण त्याच्या बायकोची मूठ थांबत नाहीं, असें तो म्हणाला. मंडळीचा न्यास नोंदलेला आहे; हिशेब दरसाल तपासनिसाकडून तपासून धर्मादाय कार्यालयास जातो, आणि कर्ज काढावयाचें म्हटलें तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. तेव्हां कर्जाचा मार्ग लांबचा.

आतां खरी अडचण त्यानें सांगितली. मंडळीच्या ओळखीचे एक धनिक गृहस्थ आहेत. बांधकामाच्या धंद्यांत पुष्कळ मिळविलेले. देवळाचा निम्मा खर्च एकटे देण्यास ते तयार आहेत. अटी तीन. देवळाला त्यांच्या वडिलांचें नांव द्यावें व तशी संगमरवरी शिळा दर्शनी भिंतींत बसवावी. नकाशा ते ठरवतील तो असावा. आणि मंडळीच्या पंचांत त्यांच्या घरची एक जागा कायमची असावी. पंचांत दोन तट पडले होते. रविवारच्या सभेंत निर्णय व्हावयाचा होता.

"घ्या पैसे," मीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें. "शिळेनें काय बिघडतें? छप्पर तर पडेल डोक्यावर! आपल्याकडे मोठीं देवळें अशींच झालीं आहेत. एक दाता असतो, बाकीचे दर्शनाला येतात."

तो कांहीं बोलला नाहीं. शाळेंतही उत्तर पटलें नाहीं म्हणजे हा मुलगा गप्प बसत असे, तें मला आठवलें. म्हणून मींच म्हटलें, "शनिवारीं रजा काढ. तुला आमच्या चिंचवडचा शिलालेख दाखवतों, म्हणजे देऊळ कसें बांधतात तें कळेल." तो हसून म्हणाला, "येतों. पण मग मीही आपल्याला एक जागा दाखवीन." अशा रीतीनें आमची ही लहानशी यात्रा ठरली.

शनिवारीं सकाळीं सातलाच आम्ही पवनेच्या घाटावर होतों. मोरया गोसावींच्या समाधीवरचें मंदिर ठेंगणें, साधें, भक्कम आहे. कळसाची ऐट नाहीं, नक्षीचा सोस नाहीं. पावसाळ्यांत पवना चढली म्हणजे पाणी देवळांत शिरतें आणि ओसरलें म्हणजे देऊळ धुऊन निघाल्यासारखें पुन्हा उभें असतें. येथील मराठी शिलालेखांत काम सुरू झाल्याची व संपल्याची तिथि दिली आहे : आरंभ शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशी, समाप्ति विकारी संवत्सर, आषाढ शुद्ध चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ. स. १६५८ च्या दिवाळीनंतर काम लागलें आणि पुढच्या वर्षीं आषाढांत, गणपतीच्याच तिथीला तें पुरें झालें. नदीला मोठा पूर येण्याच्या आंत उरकावें, असा बांधणाऱ्यांचा अंदाज असावा.

"पाहिलेंस?" मी म्हणालों. "किती खर्च झाला, हें कोठें नाहीं. आरंभ, शेवट, आणि मोरयांचें ध्यान करणाऱ्या चिंतामणि गोसावींचें नांव. विनंतीपत्रक असें आटोपशीर असावें."

त्यानें लेखाकडे नीट पाहिलें व विचारलें, "आठ महिन्यांत एवढें काम. पाथरवट किती असतील, गुरुजी? त्यांचीं नांवें असतील का कोठें?" मला उत्तर माहीत नव्हतें. प्रश्न मात्र कानांत राहिला.

तेथून आम्ही चिंचवड स्टेशनावर येऊन लोणावळ्याची लोकल धरली. गाडींत त्यानें मला त्यांच्या धर्मग्रंथांतली एक कथा सांगितली. इस्राएल लोक रानांत भटकत असतां मोशेनें देवाच्या निवासमंडपासाठीं वर्गणी मागितली. लोकांनीं सोनें, रुपें, तांबें, कापड, शेळ्यांचे केस, जें जवळ होतें तें आणलें. शेवटीं कारागीर येऊन म्हणाले कीं, हें कामाला लागतें त्याहून जास्त झालें, आणि ‘आतां आणूं नका’ अशी दवंडी पिटावी लागली! मी पोट धरधरून हसलों. चाळीस वर्षें शाळेच्या इमारतनिधीच्या पावत्या फाडलेल्या माणसाला ‘आतां आणूं नका’ ह्या दवंडीचें अप्रूप किती वाटेल, हें वाचकांनींच ताडावें. "आणि त्या मंडपाच्या मुख्य कारागिराचें नांव ग्रंथांत दिलें आहे," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. पुन्हा तोच प्रश्न!

आकुर्डी मागें पडली आणि आम्ही देहूरोडला उतरलों. हें तुकोबांचें देहू नव्हे. तें येथून आंत, इंद्रायणीच्या कांठीं आहे. देहूरोड ही लष्करी वसाहत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्करी सामानाचें व दारूगोळ्याचें प्रचंड कोठार झालें, आणि त्याभोंवतीं हमाली, मजुरी, कारागिरी करणाऱ्या लोकांची वस्ती वाढली. त्यांत त्या काळीं अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेले लोक पुष्कळ होते. त्यांनीं एक देऊळ बांधावयास घेतलें. मूळ संकल्प होता संत चोखामेळ्याच्या मंदिराचा.

माझा विद्यार्थी मला त्या जागेवर घेऊन गेला. आज तेथें बुद्धविहार आहे. संकल्प चोखोबांचा आणि मूर्ति बुद्धाची, हें कसें झालें तें ऐकण्यासारखें आहे. १९५४ च्या डिसेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठीं ब्रह्मदेशांत रंगूनला गेले होते. तेथून आणलेली बुद्धमूर्ति त्यांनीं २५ डिसेंबर १९५४ रोजीं ह्या नव्या वास्तूंत आपल्या हातानें बसविली. ह्या प्रसंगींच त्यांनीं जाहीर केलें कीं, बौद्धधर्म सामान्य माणसास समजेल असा ग्रंथ आपण लिहीत आहोंत. नागपूरची दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं. म्हणजे तिच्या आधीं पावणेदोन वर्षें ह्या कोठाराशेजारच्या वस्तींत तिची चाहूल लागली होती. "२५ डिसेंबर, गुरुजी," विद्यार्थी म्हणाला. "आमचा नाताळ आणि ह्यांचा हा दिवस एकच. त्या दिवशीं इकडे माणसांचा पूर लोटतो."

आम्ही पादत्राणें काढून आंत गेलों, थोडा वेळ बसलों. मनांत मात्र चोखोबा उभे राहिले. परंपरा सांगते कीं, मंगळवेढ्याच्या गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली आणि तिच्याखालीं इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि आणून पंढरपुरास महाद्वारासमोर समाधि बांधली. ज्या गांवांत राहण्याची मुभा नाहीं त्याची भिंत बांधतां बांधतां मरण. ज्या देवळांत शिरण्याची मुभा नाहीं त्याच्या दाराबाहेर समाधि! तें दार उघडावयास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींसारख्या सत्पुरुषाला प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. त्यानंतर सातच वर्षांनीं चोखोबांच्या ह्या लेकरांनीं स्वतःच्या भिंती उभ्या केल्या. घर त्यांचें होतें, म्हणून आंत कोणास बसवावयाचें तेंही त्यांना ठरवितां आलें. नकाशा दुसऱ्याचा असता, शिळा दुसऱ्याची असती, तर बुद्ध आंत आले असते काय? माझा शुक्रवारपर्यंतचा उपदेश मला तेथें बसल्या बसल्या पोकळ वाटूं लागला.

बाहेर पायरीवर चपला घालतांना विद्यार्थी सहज बोलावें तसें बोलला, "आपल्या गांवच्या महादेवाच्या देवळाचे दगड माझ्या पणजोबांनीं वाहिले होते, असें आजोबा सांगत. नदीच्या पलीकडच्या खाणींतून. दोन उन्हाळे."

मी त्याच्याकडे पाहूं शकलों नाहीं. त्या देवळाचा जीर्णोद्धार माझ्या आजोबांनीं केला. सभामंडपाच्या डाव्या हातास शिळा आहे. तिच्यावर त्यांचें संपूर्ण नांव, उपनांव, शक, मास, तिथि, सर्व आहे. लहानपणीं अक्षरओळख झाली तेव्हां वडिलांनीं मला पहिल्यानें ती शिळाच वाचावयास लावली होती. पुढें मास्तर झाल्यावर मीं कितीएक मुलांना सहलीच्या दिवशीं ती वाचून दाखविली. तींत हा मुलगाही असेल. त्या शिळेखालचे दगड कोणाच्या डोक्यावरून आले, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता. आणि देऊळ पुरें झाल्यावर दगड वाहणारा आंत गेला नाहीं, हें तर विचारावयास नकोच. आमचे आजोबा दुष्ट नव्हते. दुष्काळांत त्यांनीं आपलें पेव उघडलें, असें सारा गांव सांगतो. त्यांनाही तो प्रश्न पडला नव्हता, एवढेंच.

परत फिरावें असें एकदां वाटलें. परंतु लोकल त्याच दिशेची आली, आणि मला एकाएकीं कार्ल्याची आठवण झाली. "चल, मळवलीपर्यंत जाऊं," मीं म्हटलें. तळेगांव, वडगांव, कामशेत अशीं स्टेशनें मागें पडलीं. इंद्रायणीचें खोरें दोहों बाजूंनीं डोंगरांनीं आवळत आलें. मळवलीस उतरून आम्ही रिक्षा केली आणि शेवटीं पायऱ्या चढून लेण्यांपाशीं आलों. एकवीरेच्या दर्शनाला कोंकणांतून आलेले कोळी बांधव वाजतगाजत चढत होते. माझ्या गुडघ्यांनीं कुरकुर केली, पण विद्यार्थ्यानें हात दिला.

कार्ल्याचें चैत्यगृह पाहिलें नसेल त्यानें अवश्य पाहावें. अखंड डोंगरांत कोरलेलें हें मंदिर १२४ फूट लांब आहे. आंत ३७ खांब आहेत आणि वर दोन हजार वर्षांपूर्वींच्या सागवानी कमानी अजून शाबूत आहेत. ह्या स्थानाचें जुनें नांव वलूरक. येथील लेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. संस्कृत येणाऱ्यास पुस्तकाच्या मदतीनें ते लावतां येतात. वैजयंतीचा, म्हणजे कानडी मुलुखांतल्या बनवासीचा, भूतपाल नांवाचा श्रेष्ठी होता. हें जंबुद्वीपांतलें उत्तम शैलगृह आपण पुरें केलें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. नहपान राजाचा जांवई ऋषभदत्त ह्यानें येथील भिक्षूंना एक गांव दान दिला, तोही लेख आहे. म्हणजे मोठे दाते तेव्हांही होते, आणि त्यांना नांवाची हौसही होती.

पण आंत शिरून खांबांकडे पाहावें. एका खांबावर धेनुकाकट गांवच्या एका यवनाचें नांव व पुढें दोन शब्द : ‘थंभो दानं’. खांब दान दिला! असेच आणखीही खांब; निरनिराळ्या माणसांचे. कोणी परदेशांतून आलेला यवन आहे, कोणी येथलाच आहे. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें एकेक खांब उचलला आहे. धेनुकाकटच्याच एका गंध्यानें, म्हणजे सुगंधी द्रव्यें विकणाऱ्यानें, दाराचें दान दिलें. मी हें एकेक सांगत होतों आणि विद्यार्थी खांबांवरून नजर फिरवीत होता.

"आणि आतां तुझ्या प्रश्नाचें उत्तर," मी म्हणालों. "येथें दाराजवळच्या एका लेखांत धेनुकाकटचा सुतार सामि ह्याचें नांव आहे. त्यानें दार दिलें असें त्यांत नाहीं. दार केलें, असें आहे."

तो बराच वेळ त्या दारापाशीं उभा राहिला. श्रेष्ठीचें नांव आहे, राजाच्या जांवयाचें आहे, परक्या यवनाचें आहे, आणि सुताराचेंही आहे. दोन हजार वर्षांत राजे गेले, श्रेष्ठी गेले, धेनुकाकट गांव नक्की कोठें होता ह्यावर पंडित वाद घालीत बसले; सामि सुतार मात्र आपल्या दाराशीं आहे. आपल्या शास्त्रांत विहीर, तळें, देवालय बांधण्याला ‘पूर्त’ म्हटलें आहे, आणि त्याचें पुण्य कर्त्याला सांगितलें आहे. कर्ता कोण, ह्याचा अर्थ मी आजवर फार आंखूड करीत आलों, असें मला त्या थंडगार अंधारांत वाटलें.

उतरतांना मीं त्यास स्पष्ट सांगितलें, "त्या दिवशींचा माझा सल्ला चुकीचा होता. पैसे नाकारा असें मी म्हणत नाहीं. भूतपाल असावा, पण त्यानें दुसऱ्यांचे खांब पुसूं नयेत."

दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, त्याच्या आग्रहानें मी चाकणला त्यांच्या माडीवर गेलों. उपासना झाल्यावर सभा बसली. मी कोपऱ्यांत खुर्ची घेऊन ऐकत होतों. बोलणारे मोठ्यानें बोलले, कांहीं कडूही बोलले. एका म्हाताऱ्या बाईनें उठून विचारलें, "माझा नातू पावसांत भिजत प्रार्थना करील, तेव्हां तुमचा अभिमान छत्री धरील का?" ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें नव्हतें, आणि कोणी तें सोपें असल्याचें सोंग केलें नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें देहूरोड सांगितलें, कार्ले सांगितलें. विधवेच्या दोन टोल्यांची त्यांच्या ग्रंथांतली गोष्ट सर्वांना पाठच होती. दोन तासांनीं ठरलें तें असें : दात्याचे पैसे आनंदानें घ्यावे, पण अटींशिवाय. शिळा एकाची नको. नोंदवहींत ज्यानें रुपया दिला त्याचेंही नांव यावें आणि ज्यानें एक दिवस घमेलें उचललें त्याचेंही यावें. अशी वही देवळांत कायमची ठेवावी. पाळकांनीं आणि दोन पंचांनीं जाऊन हें दात्यास समक्ष, आदरानें सांगावें.

दात्याचा होकार अद्याप आलेला नाहीं. कदाचित् येणारही नाहीं. म्हणून मंडळीनें नकाशा आंखूड केला आहे : मनोरा रद्द, पहिला मजला रद्द; उन्हाळ्यांत जोतें आणि भिंती, वर तूर्त पत्रे. त्या म्हाताऱ्या बाईचा नातू भिजणार नाहीं, पण वैशाखांत पत्र्याखालीं भाजून मात्र निघेल. हा सौदा तोट्याचा कीं नफ्याचा, हें मी सांगूं शकत नाहीं. एवढें खरें कीं, पत्रे त्यांचे आहेत.

सभा उठल्यावर नवी वही उघडली गेली. मीं आणलेली लहानशी रक्कम, एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा दशांश, त्यांच्याच रीतीप्रमाणें पुढें ठेवली. विद्यार्थ्यानें लेखणी उचलली. "नांव कोणाचें घालूं, गुरुजी?"

"तुझ्या पणजोबांचें घाल," मीं सांगितलें.

त्याची लेखणी थांबली. "गुरुजी, तें नांव आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नाहीं. आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हांपासून मंडळीच्या वहींत आमचीं नांवें आहेत. त्याच्या आधींचीं कोणी लिहिलींच नाहींत."

आमच्या आजोबांच्या शिळेवर तिथि-वारासकट आठ ओळी आहेत. मी कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यानेंच आपल्या वळणदार अक्षरांत लिहिलें : ‘दगड वाहणारे’, आणि पुढें आमच्या गांवाचें नांव. मग माझ्या हातांत त्यानें पावती दिली. मास्तरकींत असंख्य पावत्या मीं फाडून दिल्या, पण अशी पावती घेतली नव्हती. ती घरीं आणून देवघराच्या फळीवर ठेविली आहे. सौभाग्यवतीनें विचारलें, कसली ही पावती? म्हटलें, आजोबांच्या देवळाची. थोडें देणें राहिलें होतें.